तेल लावलेले हात

मुंबई, फेब्रुवारी १९३७

आईला फकरुद्दीनचा सलाम, आणि पत्र वाचून दाखवणाऱ्या हसिनाला दुवा.

आई, मी खुशाल आहे. साहेबांनी मला बाटल्या धुण्यावरून उचलून भुकट्या तोलायला बसवलं. रसायनशाळेतला काटा इतका नाजूक की श्वासानंसुद्धा हलतो. आपल्या मळवलीत कुणाला खरं वाटणार नाही.

पहिल्याच दिवशी एक पांढरी भुकटी आली. नाकाडोळ्यांत गेली तर मिरचीपेक्षा झोंबते. तू मिरची कांडताना हातांना तेल चोपडतेस, तसंच मी चोपडलं, तर भुकटी तेलालाच धरून बसली. साहेबांनी धावत येऊन माझे हात नळाखाली धरले. म्हणाले, "इथं हात कोरडे, वर रबरी मोजे, तोंडाला फडकं आणि पंखा बंद." आता सगळं पाठ आहे. जागाही माझीच राहिली, मी लय खूश आहे.

तुझा खोकला कसा आहे? यंदा मिरची हसिनालाच कांडू दे.

हसिना, इथून पुढचं मनात वाच. अक्षर माझ्या खोलीतल्या नथूचं आहे, माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. डॉक्टर म्हणतात, बरे होतील. आईनं कागद हातात घेऊन पाहिला, तर सांग, भाईचं अक्षर सुधारलंय.

तुमचा फकरुद्दीन