बेसिनची उंची

चिमीच्या आईस,

मी खुशाल आहे, खोकलाही गेला. तुझी कंबर कशी आहे? जड हंडे उचलू नकोस.

शाळेचं काम संपलं. इथली शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, सगळं आम्हा बाहेरच्यांच्या हातचं आहे. शाळेतले नळ आणि बेसिनं मी बसवली.

मुकादम म्हणाला होता, "पहिलीची पोरं आहेत, त्यांच्या बेतानं लाव." म्हटलं, नकाशा कशाला बघायचा? आपली चिमीही पहिलीतच की! तीन वर्षांपूर्वी मी निघालो तेव्हा ती माझ्या मांडीला बिलगली होती. तीच डोळ्यांपुढे धरून, तिच्या छातीएवढ्या उंचीवर सगळी रांग बसवली.

काल पोरं आली आणि हात धुवायला म्हाताऱ्यांसारखी कमरेत वाकली. मुकादमानं मला फैलावर घेतलं, "पाळण्यातल्या पोरांसाठी लावलीस का रे?" सगळे हसले. मीही हसलो, मग पाइप आणायच्या निमित्तानं मागे जाऊन बसलो.

आता सगळी उखडून वर घ्यायची आहेत.

एक कर. चिमीला दाराशी ताठ उभी कर, टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा धर आणि तेवढा तोडून पाकिटातून पाठव. बेसिनांचं माप मुकादमानं दिलंय. दोरा मला हवाय.

तुम्हा दोघींचाच,
चिमीचा बाबा