तिसरं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार

उमाकांतदादाने नाटक लिहिलं! फार्स. दोन भाऊ, आणि गेलेल्या बापाचं एक रंगवलेलं चित्र. दोघंही गुपचूप नक्कल काढून घेतात, नक्कल भिंतीवर टांगतात आणि खरं पळवतात. तिसऱ्या अंकात स्टेजवर पाच बाप, आणि खरा कोणता ते कुणालाच कळत नाही.

हसून हसून पोट दुखलं. मग लक्षात आलं — हे तर आमचंच! सहा वर्षांपूर्वी नाना गेले. एकटेच राहायचे. तेराव्याच्या गडबडीत कुणीतरी बघितलं, तर बैठकीतलं त्यांचं चित्र जागेवर नाही. दादा म्हणतो राजेंद्रने नेलं, राजेंद्र म्हणतो दादाने. त्या दिवसापासून दोघांत बोलणं बंद. 'यामिनी, त्याले सांग', 'त्याले इचार' — आणि मधल्यामधे मी बहीण, टपाल.

मला ते चित्र आठवतं ते बटणामुळे. नानांच्या सदऱ्याचं तिसरं बटण तुटलेलं. मी लावून देते म्हटलं होतं आणि विसरले. चित्र निजामचाचांनी काढलेलं. ते दुकानांचे बोर्ड रंगवणारे, दिसेल तसं काढणार. बटण नाही तर नाही! दर वेळी ते चित्र बघून मला चुटपुट लागायची.

५ नोव्हेंबर, बुधवार

राजेंद्र काम करायला तयार. अट एकच — 'माले चोर नही व्हनं!' दादाचीही तीच अट. मी म्हटलं, नाटकात दोघंही चोर आहेत. लगेच पटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

तालीम राजेंद्रच्या मिरचीच्या गोदामात. वाक्य एक, शिंका तीन. मी प्रॉम्प्टर, मला तोंडाला ओढणी बांधून वाक्यं सांगावी लागतात. पण दोघं समोरासमोर उभे आहेत! मजा येते आहे. शाळेत शिकवून कधी एकदा सुटते असं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज राजेंद्रने पदरचं वाक्य घातलं. 'चोरा, चित्र कोठे शे?' इथपर्यंत वहीतलं. पुढे — 'आन् तुन्ही साखरनी गोयी खाधी का?'

मी पानं चाळते आहे. वहीत गोळी नाहीच! ही तर दादाची मधुमेहाची गोळी.

दादा भूमिका न सोडता म्हणाला, 'खाधी रे चोरा.' आणि शिंकला. शिंक खरी होती का कोण जाणे. मी मात्र ओढणीत तोंड घालून रडले. आनंदाने.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

निजामचाचांकडे गेले होते. हल्ली सगळीकडे फ्लेक्स, चाचांना काम नाही. म्हटलं, नाटकासाठी दोन चित्रं हवीत, नानांच्या चित्रासारखीच. चाचा बराच वेळ ब्रश पुसत राहिले. मग हो म्हणाले, 'दिसू बेटी. रविवारे लई जाय.'

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाने शेवट बदलला. आता राजेंद्र कोपर घालून एक चित्र फोडणार. लोक खुर्चीतून पडतील म्हणतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहून ठेवते.

चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळलेली आली. दादा म्हणाला, एक आत्ताच फोडून बघू, आवाज कसा येतो. कागद फाडला, चित्र टेबलाला टेकवून ठेवलं. राजेंद्रने कोपर उचललं. उचललेलंच राहिलं.

'दादा,' तो म्हणाला. 'तिसरं बटन नही.'

दादा! सहा वर्षांनी! दादा धावत गेला आणि चित्र छातीशी धरलं. मी दुसरं उघडलं. त्यालाही बटण नाही.

तिघं तसेच चाचांकडे. चाचा आधी खाली बसले, मग सांगितलं. नाना जायच्या आठ दिवस आधी स्वतः चित्र घेऊन आले होते. 'नाना म्हने, पोरं भांडतीन, आखो काढ. तेरावाना रोज मी लईसन उनू. आंगनमा चोर-चोर चाली ऱ्हायंतं. मी घाबरी गऊ.' नानांनी सांगितलेल्या नकला काढून आलेले चाचा अंगणातूनच परत फिरले. चित्र आपल्याकडे निघालं तर आपल्यालाच चोर म्हणतील, या भीतीने सहा वर्षं पेटीत ठेवलं. नाटकाच्या निमित्ताने गपचूप घरी पोचेल असं वाटलं त्यांना.

सहा वर्षं आम्ही एकमेकांना विचारत बसलो. ज्याने काढलं त्याला कुणीच विचारलं नाही! दादाने चाचांचे हात धरले. राजेंद्र नुसताच नाक पुसत होता. तिथे मिरची नव्हती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दोघांतलं खरं कोणतं? चाचांनाही ओळखता येत नाही. आता नवं भांडण — 'खरं तू लई जाय.' 'नही, तू मोठा शे.' अरे, ओळखता तरी येतंय का तुम्हाला! शेवटी दोघांनी एकेक घेतलं.

दोन भाऊ, दोन चित्रं. छान झालं. मला कुणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? पण टपालाची नोकरी सुटली, हे काय कमी आहे!

३० नोव्हेंबर, रविवार

प्रयोग झाला! फोडायला दादाने कॅलेंडरातला कुणीतरी मिशीवाला चिकटवला होता. लोक पोट धरून हसले. चाचा पहिल्या रांगेत. दोघं भाऊ एकाच स्कूटरवर घरी गेले, वाटेत भांडत.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी निजामचाचा दारात. काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी. 'बेटी, नानानी तीन सांगेल व्हतात. नाटकले दोनच लागनात.'

उघडलं. नाना. आणि तिसरं बटण आहे!

'नाना म्हने, यामिनीना चित्रमा बटन लाव. नहीते ती जलमभर तेच देखत बसी.'

पांढरं आहे. चार भोकांचं. दोऱ्यासकट.