ट्राउटचा परवाना

लिबी, मोंटाना
१२ नोव्हेंबर

प्रिय डार्लाताई,

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. तू एका मताने आयडाहोच्या विधानसभेत निवडून आलीस. आई फोनवर आनंदाने रडत होती.

तुला मी टपालाने मत दिलं खरं; पण जूनमध्ये ट्राउट मासे धरायला स्थानिकांचा मासेमारी परवाना स्वस्त म्हणून मी मोंटानाचा रहिवासी असल्याची सही करून बसलो होतो. आयडाहोतला मतदानाचा हक्क तेव्हाच गेला. माझं मत धरलं नाही, तर बरोबरी होते.

शेजारचा हार्लन म्हणाला, "चार माशांसाठी राज्य बदललंस होय रे? आता गप बस, कोण विचारतंय तुला?"

दोन दिवस गप बसलो, याचीच जास्त लाज वाटते. आईचा गुडघा कसा आहे?

तुझा अपराधी भाऊ,
कर्ट

उद्या: नऊ वाजता तुमच्या निवडणूक कचेरीला फोन करून हे सांगणार.