दोन बोटं उलटा उतार

२८ मे, गुरुवार
कालची नोंद चुकीची आहे. 'शाळेच्या छताच्या पन्हळीचा उतार पावसाच्या पाण्याच्या टाकीकडे, तपासला' असं लिहिलंय. तपासला नाही. शिडीवरून नुसता पाहिला, बरोबर वाटला. खोडत नाही, दुरुस्ती इथेच. पण अहवालातही तेच वाक्य आहे, खाली माझी सही, आणि अहवाल कॉलेजात प्रकल्पाच्या सरांकडे गेलाय.

कळलं ते आबांमुळे. आबा, माझे वडील, धरणगावला गवंडी. फोनवर मी फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नळी लावली का?"
शाळेत नाव घालायच्या आधी त्यांनी मला लेव्हलची नळी, पाणी भरून पातळी बघायची, धरायला शिकवलं होतं. आणि मी...

२९ मे, शुक्र.
कॉलेजच्या लॅबमधली पारदर्शक नळी घेऊन एकटीच गेले. दोंडाईच्यापर्यंत बस, पुढे रिक्षा. शाळेची किल्ली सुशीलाअक्कांकडे. मुलांची खिचडी त्याच करतात. नळीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं, जरा हलू दिलं नाही. भिंतीवर एका पातळीत दोन खुणा, तिथून वर पन्हळीपर्यंत टेप. तीनदा मोजलं. टाकीकडचं टोक ३४ मि.मी. वर. आबांच्या भाषेत दोन बोटं.

अक्कांनी हंडा पुढे केला. "वत."
"अक्का, टँकरचं पाणी आहे."
"हाऊ हंडा मना शे. वत वं माय."
हंडा त्यांचा, मर्जी त्यांची. शिडीवर चढून पन्हळीत ओतलं. सगळं वर्गाच्या दाराकडे जाऊन साचलं. टाकीत थेंब नाही. पावसाळ्यात मुलांच्या दप्तरांवरच धार.
रडू आलं. अक्का हसल्या, "दोनच बोटं ना! मनी खिचडी रोज बुडले लागस, तरी पोरं खातस."

३० मे, शनि.
गटातला निखिल: "बुधवारी टाकी गावाच्या ताब्यात द्यायचीय. कार्यक्रम होऊ दे, मग गुपचूप करू." अहवाल परत मागितला तर चौघांचे गुण जातील, हेही खरं.
पण टाकीला आतून गिलावा गावातल्या बायकांनी केलाय. मी शिकवला, आबांच्या पद्धतीने. ती टाकी एक थेंब गळत नाही. तिला कोरडी कशी ठेवू?

आबांना सांगितलं.
"किती?"
"दोन बोटं."
"कोणी शोधलं?"
"मीच."
मग फोन बाजूला धरून आईला म्हणाले, "ऐकलं का, पोरीने स्वतःची चूक स्वतः पकडली." बारावीच्या निकालालाही त्यांचा असा आवाज नव्हता.

३१ मे, रवि.
पन्हळीचे क्लॅम्प सोळा, सगळे सोडून उतार फिरवून पुन्हा बसवायचे. माणसं दोन असली तर एका दिवसाचं काम. अक्का शिडी धरणार. निखिलला 'येतोस का?' असा मेसेज टाकलाय.
सर काय म्हणतील, माहीत नाही. ते दहाला येतात. मी साडेनऊला दारात, अहवाल परत मागायला. नळी सोबत.
उद्या, सोमवार, १ जून.