कासवाच्या कालवणात मीठ का नाही

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, डोकं ठिकाणावर (डॉक्टरांनी तपासलं, त्यांचा हरवलेला चष्मा मीच शोधून दिला), कुणाच्या दडपणाला न भिता स्वतःच्या हाताने लिहिते. चौथी शिकले. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नये.

१. घर थोरल्या मुलाला. अट आहे, ती पुढे.

२. शिवणयंत्र आणि कात्र्या धाकट्या मुलीला. मोठी कात्री तिच्या आत्याने "दोन दिवसांसाठी" नेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. जाऊन आणावी. चहाला थांबू नये.

३. बँकेतलं दोघांत निम्मं निम्मं. भांडलात तर दवाखान्याला.

४. आता तळं. दुष्काळाच्या साली मी नऊ वर्षांची. धान्य संपलं, बियाणं संपलं, मग आईने तळ्यातलं कासव शिजवलं. घरात मीठ नव्हतं म्हणून घातलं नाही. डोकं वडिलांनी खाल्लं, कारण दुसरं कुणी खाईना. एवढीच गोष्ट.

आता थोरल्याच्या खानावळीवर पाटी आहे, 'घराण्याची अस्सल चव'. गिऱ्हाइकाने मीठ मागितलं की सूनबाईच्या कपाळावर आठ्या. "आमच्यात घालत नाहीत." डोकं म्हणे कर्त्या पुरुषाचा मान! थोरला बिचारा डोळे मिटून गिळतो.

अरे, ती आमची उपासमार होती. तुम्ही तिची रीत केलीत.

तेव्हा खाणारी तोंडं सात आणि कासवं मोजता येत नव्हती. आता गिऱ्हाइकं मोजवत नाहीत आणि कासवं उरलीत दोन. त्यातली मादी परवा काठावर अंडी घालून गेली. कुठे, ते लिहिणार नाही. म्हातारी आहे, खुळी नाही.

५. म्हणून तळ्याकाठची जमीन धाकटीला. विकायची नाही, काठ खणायचा नाही. थोरल्याने ते कालवण बंद करावं, पाटी उतरवावी, जाळी जाळावीत. नाहीतर घर शेजारच्या सुताराला. त्याच्याशी मी तीस वर्षं बोललेले नाही, तेव्हा ही धमकी खरीच समजावी.

६. माझ्यामागे जेवण घालाल त्यात कासव दिसलं, तर उठून बसेन.

इथवर लिहिलं, तर थोरला मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "आई, अगं तूच तर बोटं चाटून खायचीस. म्हणायचीस, जुनं आठवतं."

"चव नाही रे, माझी आई आठवायची. सगळ्यांना वाढायची. स्वतःच्या ताटात तिने कधी घेतलंच नाही."

मग म्हणाला, "उद्या उतरवतो पाटी."

हे सगळं माझ्या मर्जीने. मी सही करताना दोघांनी पाहिलं, त्यांनी करताना मी पाहिलं.

साक्षीदार: डॉक्टर (सही). पोस्टमन (सही, घाईत आहे म्हणाला, पण सगळं वाचलं).

सही: थोरल्याची आई

ठिकाण: स्वयंपाकघर

तारीख: ९ एप्रिल. पाटी उतरवायचीही हीच. उद्या नाही.