माझी पाटी, बाबांचे डोळे

बुधवार, १२ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

इकडे सगळं ठीक. भाऊजींचा खोकला गेला का? छोटीला सांग, मामाने रंगपेटी घेऊन ठेवली आहे. काल तुझा फोन आला तेव्हा मी 'कामात आहे' म्हणालो. नव्हतो. नुसता बसून होतो.

बाबा घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करतायत, रविवारी कोणीतरी अवजारं विकत घेऊन जाणार, हे तू सांगितल्यापासून घास गिळवत नाही. 'डोळे गेले, आता काटे दिसायचे नाहीत,' म्हणतात ना? त्याबद्दलच लिहितोय. फोनवर जीभ रेटली नाही.

नव्या हॉस्पिटलच्या पाट्या माझ्या, हे तू सगळ्यांना सांगत सुटलीस. त्यांचा फॉन्ट माझा भारी लाडका. कंपासने काढल्यासारखी गोल, सगळीकडे सारखीच जाड, ठणठणीत अक्षरं; कुठे नखरा नाही. दुकानाचं नाव, पोस्टरवरचे दोन शब्द, इमारतीचा नंबर, यांना त्याच्यासारखा दुसरा नाही. रस्त्यापलीकडून हाक मारतो. पण मी आतल्या पाट्यांवरही तोच घातला. आठ-आठ विभाग एकाखाली एक, बारीक करून. बारीक केला की अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि सगळी सारखीच गुटगुटीत दिसतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना मीच बजावत असतो.

गेल्या महिन्यात बाबा गुडघ्याच्या एक्स-रेला इकडे आले, तेव्हा मी तिथेच हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमना काम दाखवत होतो. बाबा पाटीखाली उभे. मान वर, चष्मा पुढे-मागे. मला बघून त्यांना केवढं बरं वाटलं! "अरे, एक्स-रे कुठल्या अंगाला? मला काही लागेना."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसत म्हणालो, "बाबा, डोळे तपासून घ्या आता. वय झालं."

ओशाळले गं ते. "हो रे, पाटी तर चांगली ठसठशीत आहे," म्हणाले. वर माझीच बाजू घेतली! नंतर डोळ्यांच्या डॉक्टरने चष्म्याचा नंबर बदललेला नाही म्हणून सांगितलं, तरी त्यांना ते पटलं नाही. मुलाने केलेली पाटी चुकेल कशी?

नंतर मी तिथे उभा राहून पाहिलं. तरणीताठी माणसंसुद्धा थबकून वाट विचारत होती. तरी मी तोंड शिवून बसलो, कारण बोललो असतो तर माझं नाव गेलं असतं. लाज वाटते, ताई. आरशात बघवत नाही.

आज सकाळी मॅडमना सांगून आलो की चूक माझी आहे, पाट्या उतरवा. त्या काय काय बोलल्या ते राहू दे.

तू एवढंच कर. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. माझ्या नेहमीच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, तसंच त्यांच्या हातात दे आणि बाजूला हो. त्यांना सगळं वाचता येईल.

बाबांच्या डोळ्यांवर खापर फोडणारा,
तुझा धाकटा भाऊ