चोवीस लिटरच्या इंजिनाची वाटणी

मी, सुमेधा रवींद्र पाटणकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त हॉस्पिटल फार्मासिस्ट, राहणार पामर्स्टन नॉर्थ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांच्याबद्दल विचारत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. तशी हिंमत आमच्या घरात कोणाची झालेली नाही. याची इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. तिच्यात कामापुरतेच लिहिले आहे.

१. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

२. माझे राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा अनिरुद्ध, राहणार माउंट रॉस्किल, आणि मुलगी मुग्धा, राहणार रिकार्टन, यांना निम्मी-निम्मी मिळावी. घराला मात्र कलम पाचची अट आहे.

३. माझ्या पैठण्या मुग्धाला. ती नेसणार नाही हे ठाऊक असून. पुरणयंत्र अनिरुद्धला, कारण पुरणपोळी त्यालाच जमते. धाकटे दीर मोहनभावजी, पुणे, यांना माझे यजमान इंजिनाशेजारी उभे असलेला फोटो, मोठा करून, फ्रेमसकट. आमच्याकडे महिनाभर पाहुणचार घेऊन निघताना विमानतळावर ते म्हणाले होते, "वहिनी, रवीने संसाराऐवजी भंगार जमवलं." फोटो दिवाणखान्यात लावावा.

४. आता ते भंगार. शेडमध्ये जुन्या लॉरीच्या सांगाड्यावर बसवलेले, बारा सिलिंडरचे, चोवीस लिटरचे विमानाचे इंजिन आहे. त्याचा एकेक सिलिंडर माझ्या होंडाच्या अख्ख्या इंजिनाहून मोठा आहे. पहिल्या महायुद्धानंतर अशी इंजिने स्वस्तात निघाली, तेव्हा वेगाचा विक्रम करायला निघालेल्या लोकांनी ती मोटारींत बसवली. वेग हवा, तर इंजिन मोठे करा, एवढीच त्यांची अक्कल. यजमान दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. दिवसभर काटकसरीची यंत्रे सांभाळून आले की त्यांना हा आडदांडपणा आवडे. त्यांना हिमाटांगीच्या किनाऱ्यावर गाडी पळवायची होती. ती शेडबाहेर कधी आली नाही. दर दसऱ्याला मात्र कोव्हायच्या झाडाची पिवळी फुले वाहून (इथे दसरा वसंतात येतो, झेंडू कुठला?) ते इंजिन चालू करत. नळकांड्यांतून जाळ निघे, खिडक्या थरथरत आणि शेजारची ग्लेनिस कुत्र्याला घेऊन फिरायला निघून जाई.

मला ते इंजिन कधी आवडले नाही. रवी आवडत असे.

५. यजमान गेले आणि दिवसकार्य आटोपताच अनिरुद्धने गिऱ्हाईक आणले. त्या गृहस्थांना इंजिनावर काच टाकून आपल्या रेस्टॉरंटात टेबल करायचे आहे. अनिरुद्ध म्हणाला, "आई, शेडमध्ये नुसतं गंजतंय गं. ही इज रिअली कीन. देऊन टाकू या ना." मुग्धा म्हणाली, "मग बाबांचा चष्मापण विक. स्वीट ॲज!" (म्हणजे 'झकास'; इथे असेच अर्धवट बोलतात.) त्या दिवसापासून भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. मला याचे फार दुःख आहे. नवरा गेल्याचे दुःख मी समजू शकते, हे मला समजत नाही.

आता इंजिनाबद्दल एक गोष्ट दोघांनी नीट वाचावी. ते एकट्या माणसाला चालू करता येत नाही. एकाने पुढचा लांब दांडा फिरवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने गाडीत बसून, ठिणगी देणारा छोटा मॅग्नेटो हाताने गरगरा फिरवायचा. दांडा रवीचा, मॅग्नेटो माझा. "सुमेधा, आता!" असे ते ओरडत. बटण का बसवत नाही, असे विचारले की म्हणत, "बटणाचं वॉशिंग मशीन आहे की तुझ्याकडे."

म्हणून अट अशी: घर विकण्याआधी अनिरुद्ध आणि मुग्धा यांनी मिळून हे इंजिन एकदा चालू करावे. बोलण्याची सक्ती नाही. "आता" एवढा एक शब्द लागतो. इंजिन सुरू झाले की कोणाचे काही ऐकूच येत नाही. त्यानंतर त्याचे टेबल केले तरी माझी हरकत नाही.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी तेवढे थांबणार नाही. याची एकेक प्रत आजच दोघांना पोस्टाने जात आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी शेड उघडून, बाजूला खुर्ची टाकून बसेन. खांदा गेल्यामुळे मॅग्नेटो आता मला फिरवता येत नाही. मुलांनो, त्या दिवशी दोघे आलात आणि इंजिन सुरू झाले, तर कलम पाच मी स्वतः खोडून टाकीन. तुमचे दोघांचे तेलाने काळे झालेले हात मला बघायचे आहेत. मेल्यावर दिसणार नाहीत.

ठिकाण: पामर्स्टन नॉर्थ
दिनांक: ३० ऑगस्ट २०२५

सही: सुमेधा रवींद्र पाटणकर

वरील सही सुमेधाबाईंनी आम्हा दोघांदेखत केली आणि आम्ही त्यांच्यादेखत. आम्हाला यातले काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. डॉ. श्रीनाथ काशिनाथ कानिटकर
२. ग्लेनिस वॉर्ड, शेजारीण (मजकूर इंग्रजीत वाचून दाखवल्यावर. त्या शनिवारी आपण घरीच थांबू, असे त्यांनी सांगितले आहे.)